न दिसणाऱ्या वायूचा उजेड

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यात झालेल्या धम्मदीक्षा सोहळ्यावर आम्ही लिहावे अशी त्यांची अपेक्षा होती. इतिहासाच्या शिक्षकाकडून ती रास्तच होती. त्या विषयावर आम्ही पूर्वी लिहिले आहे, पुढेही लिहू. या वेळी मात्र एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे देणे आमच्याकडे बाकी आहे. तो प्रश्न आकाशातील वायूविषयीचा होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला उतारवयात भौतिकशास्त्राची पुस्तके धुंडाळावी लागली. त्यातून जे समजले ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवीत आहोत.

लाडबोरीची रात्र

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. टाळेबंदीमुळे मुलांची जवळजवळ दोन वर्षे घरी गेली होती. काही मुले परतली होती, काही परतलीच नव्हती. त्या वर्षी विज्ञान शिक्षकाची जागा रिकामी असल्याने वसतिगृहातील सायंकाळचा अभ्यासवर्ग आमच्याकडे होता. रात्री आठच्या सुमारास अंगणात एकच गलका झाला. आकाशातून जळत्या गोळ्यांची एक रांग संथपणे सरकत होती. विदर्भातील अनेक जिल्ह्यांतील लोकांनी ती पाहिली. पाठोपाठ बातमी आली की सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी माणसाच्या उंचीहून मोठे, धातूचे एक कडे आकाशातून पडले आहे. पुढील काही दिवसांत आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. अवकाशात सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

मुले घाबरली होती. कोणी देवाचा कोप म्हणाले, कोणी परग्रहावरचे यान. आम्ही सर्वांना अंगणात बसवून सांगितले की वेगाने येणारी वस्तू हवेशी घासते, तापते आणि पेटते. आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवत आलो आहोत. रात्री उशिरा पुस्तक उघडल्यावर लक्षात आले की आपण अर्धवट सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गासमोर दुरुस्ती केली.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. हवेतील कोणतीही चाहूल साधारण याच वेगाने पुढे पोहोचते. अवकाशातून परतणारी वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने येते. ती येत असल्याची वर्दी समोरच्या हवेला मिळतच नाही. बाजूला सरायला उसंत न मिळाल्यामुळे हवा तिच्यापुढे एकाएकी दाबली जाते. सायकलच्या पंपात हवा दाबली की पंपाचे तोंड गरम होते, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. इथे तेच कितीतरी पटींनी जास्त घडते. हवा हजारो अंशांपर्यंत तापते आणि प्रकाशू लागते. घर्षणापेक्षा या दाबण्याचाच वाटा मोठा असतो. दाबलेल्या आणि न दाबलेल्या हवेमधील या तीक्ष्ण सीमेला ‘आघात-तरंग’ म्हणतात.

हे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतून एक हात वर आला. ती मुलगी आठवीतली, भामरागडकडची, घरी माडिया बोलणारी. वर्गात ती बोललेली आम्ही कधी ऐकलेच नव्हते. ती म्हणाली, “सर, हवा दाबली म्हणून दिसली. दाबली नसती तर ती तिथं आहे हे कोणाला कळलं असतं? वरती अशी न दिसणारी हवा किती असेल?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. शोधून सांगतो, एवढेच आम्ही म्हणालो.

नळाखालची फरशी

उत्तराकडे जाण्यापूर्वी आघात-तरंग नीट समजून घ्यावा. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वसतिगृहात ताटे धुण्याच्या नळाखालची सपाट फरशी पुरते. नळाची धार फरशीवर पडते तेथून पाणी चहूकडे पातळ थराने झपाट्याने पसरते. थोड्या अंतरावर ते अचानक थबकते, जाड होते आणि एक उंच गोल कडे तयार होते. आतील पाणी उथळ आणि वेगवान, बाहेरील पाणी खोल आणि संथ. आतल्या भागात पाण्याचा वेग पाण्यावरील लाटेच्या वेगापेक्षा जास्त असतो. त्यामुळे पुढे पाणी साचले आहे ही बातमी लाट होऊन मागे जाऊ शकत नाही. वेगवान पाणी बेसावधपणे संथ पाण्यावर जाऊन आदळते. ज्या जागी ते आदळते तेथे कडे उभे राहते.

वायूतील आघाताचे तत्त्वही असेच आहे. आमच्या चंद्रपूरकडच्या लोकांना त्याची आणखी एक ओळख आहे. खुल्या कोळसा खाणीत सुरुंग उडाला की क्षणभराने आसपासच्या वस्तीतील खिडक्यांची तावदाने थरथरतात. सुरुंगाजवळ आघात-तरंग असतो, दूर येईपर्यंत त्याचा नुसता आवाज उरतो.

आता फरशीवरचे ते कडे मनात ठेवून आकाशाकडे वळू.

सर्वांत विपुल, सर्वांत अबोल

विश्वातील साध्या द्रव्याच्या वजनापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग हायड्रोजनचा आहे. जिथे थंडी आणि दाटी आहे तिथे हायड्रोजनचे दोन अणू जोडीने राहतात. ही जोडी म्हणजे हायड्रोजनचा रेणू. विश्वात याच्याइतका विपुल दुसरा रेणू नाही. पण थंड असताना तो जवळजवळ अदृश्यच असतो.

याचे कारण त्याच्या घडणीत आहे. ज्या रेणूची एक बाजू किंचित धनभारित आणि दुसरी ऋणभारित असते, तो फिरू लागला की आकाशवाणीच्या मनोऱ्याप्रमाणे लहरी सोडतो. हायड्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू अगदी सारखे असतात. त्यात धन टोक नाही, ऋण टोकही नाही. त्यामुळे तो सहजासहजी प्रकाश सोडीत नाही. शिवाय त्याला फिरते करण्यासाठी लागणारी किमान ऊर्जाही बरीच मोठी असते. आकाशातील थंड ढगांचे तापमान निरपेक्ष शून्यापेक्षा अवघे दहा-वीस अंश वर असते. एवढ्या थंडीत तो हलतही नाही, बोलतही नाही.

मग तो आहे हे कळले कसे? एक मार्ग आडून जाणारा आहे. हायड्रोजनच्या सोबतीने त्याच ढगांत थोडासा कार्बन मोनॉक्साइड असतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणाऱ्यांचा जीव घेणारा वायू तो हाच. त्याच्या रेणूची दोन टोके वेगळी असल्यामुळे तो थंडीतही २.६ मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. १९७० मध्ये त्या लहरी आकाशात प्रथम पकडल्या गेल्या. त्यांच्यावरून हायड्रोजन किती असावा याचा अंदाज बांधतात. सोबत्याच्या साक्षीवरून मूळ व्यक्तीचा पत्ता लावावा, तसा हा प्रकार आहे.

दुसरा मार्ग आघाताचा. या रेणूला जोराचा धक्का बसून वायू सुमारे दोन हजार अंशांपर्यंत तापला की अणूंची जोडी कंप पावू लागते. कंप शमताना ती अवरक्त प्रकाश सोडते. त्यातील सर्वांत ओळखीची रेषा २.१२ मायक्रोमीटर तरंगलांबीची आहे. आपल्या डोळ्यांना साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरपर्यंतचाच प्रकाश दिसतो. म्हणून ही रेषा डोळ्यांना दिसत नाही, पण अवरक्त दुर्बिणीला दिसते. १९७६ मध्ये ती प्रथम मृग नक्षत्रातील तेजोमेघात आणि त्याच वर्षी हंस तारकासमूहातील एनजीसी ७०२७ या मरणपंथाला लागलेल्या ताऱ्याभोवतीच्या वायूत सापडली.

म्हाताऱ्या ताऱ्यांचा वारा

तारेही म्हातारे होतात. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी त्याच्या गाभ्यातील हायड्रोजनचे इंधन संपेल आणि तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. अशा ताऱ्याची आपल्या बाह्य थरांवरील पकड सैल होते. तो श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि आकसतो. प्रत्येक फुगण्यासोबत त्याच्या वातावरणातून एक आघात-तरंग बाहेर जातो आणि वायूला वर उचलतो. वर गेलेला वायू थंड होतो, त्यात धुळीचे कण धरतात, ताऱ्याचा प्रकाश त्या कणांना बाहेर ढकलतो आणि कण आपल्यासोबत वायूलाही ओढून नेतात. सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाचा हा संथ वारा लाखो वर्षे वाहत राहतो. ताऱ्याभोवती थंड वायूचे विस्तीर्ण पांघरूण तयार होते. त्यातील बहुतांश वायू म्हणजे आपला तो अबोल रेणू.

तिमिंगल तारकासमूहात मीरा नावाचा असा एक तारा आहे. १५९६ मध्ये दाविद फाब्रिसियस यांनी त्याचे तेज बदलताना पाहिले. सुमारे ३३२ दिवसांत तो एकदा उजळून मंदावतो. हा तारा आसपासच्या विरळ वायूतून सेकंदाला सुमारे १३० किलोमीटर वेगाने चालला आहे. २००७ मध्ये एका अतिनील दुर्बिणीला त्याच्या मागे १३ प्रकाशवर्षे लांबीची शेपटी दिसली आणि पुढे धनुष्याकृती आघात-तरंग दिसला. ताऱ्याने गेल्या ३० हजार वर्षांत वाटेत सोडलेला वायू म्हणजे ती शेपटी. तापलेल्या वायूचे धक्के खाणारे हायड्रोजनचे रेणूच तेथील अतिनील प्रकाश देत असावेत, असे अभ्यासकांनी सुचविले. डोळ्यांनी शतकानुशतके पाहिलेल्या ताऱ्याला एवढी मोठी शेपटी आहे, हे त्या वर्षापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

आमच्या धानकऱ्यांच्या ओळखीचा तारा घ्यायचा तर काक्षीचा घ्यावा. आर्द्रा नक्षत्राचा तारा म्हणून साधारणपणे तोच मानला जातो. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य आर्द्रात येतो आणि शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो. काक्षी हा महाराक्षसी तारा. सूर्यापेक्षा कितीतरी वजनदार आणि म्हणून अल्पायुषी. तोही अवकाशातून पुढे सरकत असल्यामुळे त्याच्यासमोर धनुष्याकृती आघाताची कमान उभी आहे. अवरक्त दुर्बिणींनी ती टिपली आहे. २०१९ च्या अखेरीस तो ठळकपणे मंदावला, तेव्हा आता त्याचा स्फोट होणार अशी आवई उठली. प्रत्यक्षात ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूत धूळ तयार होऊन तिचा पडदा मध्ये आला होता, असे संशोधनातून पुढे आले.

सूर्यासारख्या ताऱ्याचा शेवट वेगळा असतो. बाह्य थर निघून गेले की आतला अतितप्त गाभा उघडा पडतो. पुढे निवत जाऊन त्याचा श्वेतबटू होतो. हा गाभा नवा वारा सोडतो. तो विरळ असतो, पण सेकंदाला हजार किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाचा. पुढे लाखो वर्षे जुना, संथ वारा पसरलेला असतो. वेगवान नवा वारा संथ जुन्या वाऱ्यावर आदळतो. सन क्वॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली. नळाखालच्या फरशीवरचे कडे आठवावे. आतून वेगवान, बाहेर संथ आणि मध्ये उभी राहिलेली सीमा. आकाशातील अनेक सुंदर कड्यांचा उगम असा आहे.

विल्यम हर्शेल यांना त्यांच्या दुर्बिणीतून ही कडी ग्रहांच्या चकतीसारखी दिसली, म्हणून त्यांना ग्रहीय तेजोमेघ हे नाव पडले. ग्रहांशी त्यांचा काही संबंध नाही. हंस तारकासमूहातील ‘अंडे’ नावाचा तेजोमेघ या स्थित्यंतराच्या उंबरठ्यावर आहे. १९९७ मध्ये हबल दुर्बिणीच्या अवरक्त कॅमेऱ्याने त्याचे चित्र घेतले. त्यात मध्यापासून चार दिशांना आघाताने तापलेला हायड्रोजनचा रेणू उजळलेला दिसतो. स्वरमंडळ तारकासमूहातील कंकणाकृती तेजोमेघाचे चित्र २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने घेतले, तेव्हा त्या कड्यात हायड्रोजनच्या रेणूंचे सुमारे २० हजार दाट पुंजके मोजता आले.

उजेड कशाचा, हे कसे ओळखावे?

येथे एक अडचण उभी राहते. हायड्रोजनचा रेणू आघातानेच उजळतो असे नाही. तप्त ताऱ्याचा अतिनील प्रकाश पडला तरी तो उजळतो. मग एखाद्या ठिकाणचा उजेड आघाताचा की अतिनील प्रकाशाचा, हे कसे ठरवायचे?

एका दुमजली वसतिगृहाची कल्पना करावी. मुले तळमजल्यावर आहेत. भूकंपासारखा धक्का बसून ती सैरावैरा जिने चढू लागली, तर बहुतेक पहिल्या मजल्यावर पोहोचतील आणि दुसऱ्यापर्यंत फार थोडी जातील. पण त्यांना कोणी थेट गच्चीवर नेऊन सोडले आणि तेथून ती सावकाश खाली उतरू लागली, तर दुसऱ्या मजल्यावरही भरपूर मुले सापडतील. आघाताचा परिणाम पहिल्यासारखा असतो आणि अतिनील प्रकाशाचा दुसऱ्यासारखा. रेणूच्या पहिल्या पायरीवरून येणारी रेषा २.१२ मायक्रोमीटरची आणि दुसऱ्या पायरीवरून येणारी २.२५ मायक्रोमीटरची. आघातात पहिली रेषा दुसरीच्या सुमारे दहापट तेजस्वी असते. अतिनील प्रकाशाने उजळलेल्या विरळ वायूत ती जेमतेम दुप्पट असते. वायू फार दाट असेल तर ही खूण फसवू शकते, म्हणून जाणकार एकाच पुराव्यावर विसंबत नाहीत. वायूचा वेग, त्याचा आकार आणि इतर रेषा यांची साक्षही ते काढतात.

आघाताला मर्यादाही आहे. साधा आघात सेकंदाला सुमारे २५ किलोमीटरपेक्षा जोराचा झाला की रेणूच फुटतो आणि त्याचे दोन अणू वेगळे होतात. चुंबकीय क्षेत्राने धक्का सौम्य केला तर सेकंदाला ४०-५० किलोमीटरपर्यंतही तो तग धरतो. म्हणजे फार हळू धक्का बसला तर रेणू उजळत नाही आणि फार जोराचा बसला तर उजळायला तो शिल्लकच राहत नाही. आपल्याला दिसतो तो फक्त मधला भाग.

ज्यांनी पाहिले

अवकाशातील हायड्रोजनचा रेणू सर्वप्रथम पकडला तो जॉर्ज कॅरुथर्स या कृष्णवर्णीय अमेरिकी शास्त्रज्ञाने. १९३९ साली त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी त्यांनी पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण बनविली होती. वडील लवकर वारले, पुढचे शिक्षण शिकागोत झाले. १९७० मध्ये त्यांनी स्वतः तयार केलेला अतिनील कॅमेरा अग्निबाणातून वर पाठविला आणि एका ताऱ्याच्या प्रकाशात या रेणूने उमटविलेली छाया टिपली. दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, त्यांचाच कॅमेरा अपोलो-१६ मधून चंद्रावर गेला. अमेरिकेत काळ्या माणसाला मतदानाचा हक्क बजावता यावा म्हणून कायदा झाला तो १९६५ मध्ये. म्हणजे त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत विश्वातील सर्वांत विपुल पण अदृश्य रेणू एका काळ्या माणसाने जगाला दाखविला.

आपल्या देशाचा विचार करताना मेघनाद साहा यांचे नाव प्रथम येते. १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या खेड्यात एका छोट्या दुकानदाराच्या घरी ते जन्मले. शिक्षणासाठी ते कलकत्त्याला आले, तेव्हा वसतिगृहातील सवर्ण विद्यार्थ्यांना त्यांचे आपल्या पंगतीत जेवणे खपले नाही. याच साहांनी १९२० मध्ये तापमान आणि दाब यांवरून वायूची अवस्था सांगणारे समीकरण मांडले. ताऱ्यांचा वर्णपट वाचण्याची किल्ली जगाला त्यातून मिळाली. १९५२ मध्ये ते लोकसभेत निवडून गेले, त्याच वर्षी बाबासाहेब राज्यसभेत गेले. आपल्या वसतिगृहातील एका पंगतीत बसून जेवणाऱ्या मुलांनी साहांची ती पंगत विसरू नये, असे आम्हांला वाटते.

आज हे काम भारतातही चालते. माउंट अबूजवळ गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण आहे. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनविलेले अवरक्त उपकरण २०१३ मध्ये तिच्यावर बसविले गेले. एवढ्या उंचीवर का जावे लागते? हवेतील बाष्प अवरक्त प्रकाश गिळते आणि प्रत्येक उबदार वस्तू स्वतःच अवरक्त प्रकाश सोडते. चंद्रपूरच्या मे महिन्यात अशी दुर्बीण मांडली तर ती आपल्याच अंगच्या उजेडाने दिपून जाईल.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘ॲस्ट्रोसॅट’ हा उपग्रह सोडला गेला. त्यावरील अतिनील दुर्बीण बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आणि पुण्याची आयुका व मुंबईची टाटा संस्था तिच्या उभारणीत सहभागी होत्या. या दुर्बिणीने एनजीसी ४० या ग्रहीय तेजोमेघाभोवती अतिनील प्रकाशाचे एक फिकट वलय दाखविले. एन. कामेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ते प्रसिद्ध केले. ते वलय अतिनील प्रकाशाने चेतविलेल्या हायड्रोजनच्या रेणूंचे असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. येथे उजेड आघाताचा नाही, पण वायू तोच आहे. न दिसणाऱ्या पांघरुणाची एक कड एका भारतीय उपकरणाला दिसली.

इतिहासाच्या शिक्षकाला काय दिसले

हे सर्व वाचताना आम्हांला वारंवार आपलाच विषय आठवत राहिला. १८६९ चा चांदा जिल्ह्याचा जमीन बंदोबस्ताचा अहवाल आम्ही विद्यार्थिदशेत वाचला होता. मेजर लुसी स्मिथ यांचा तो अहवाल. त्यात जमिनी आहेत, तलाव आहेत, सारा आहे, जमीनदार आहेत. चिखलात वाकून धानाची रोवणी करणारी बाई आपल्या नावाने त्यात नाही. जंगलातील माणूस कागदावर केव्हा येतो? उठाव झाला म्हणजे. बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली, म्हणून त्यांचे नाव सरकारी दप्तरात उतरले. त्यांच्यासोबत लढलेल्या बहुतेकांची नावे उतरली नाहीत. दुष्काळ, साथ, खटला, दंगल असा एखादा आघात झाला की आमची माणसे क्षणभर नोंदीत उजळतात. मग पुन्हा काळोख.

खगोलशास्त्रज्ञ एक सावधगिरी पाळतात. आघाताने उजळलेला वायू हा एकूण वायूचा अगदी लहानसा अंश असतो, हे ते विसरत नाहीत. दिसणाऱ्यालाच सगळे समजण्याची चूक ते करीत नाहीत. उरलेल्यासाठी सोबत्याची साक्ष काढतात. इतिहासकारानेही हेच करायला हवे. जात्यावरच्या ओव्या, गावांची आणि तळ्यांची नावे, वृद्धांच्या तोंडी असलेल्या पिढ्या या आमच्या साक्षी आहेत. आणि जे आघातात फुटूनच गेले, त्यांचा उजेड कोठेच मिळणार नाही, याचीही आठवण ठेवायला हवी.

ही तुलना फार ताणू नये, हे आम्ही जाणतो. वायूला दुःख नसते, माणसाला असते. वायूला दिसण्यासाठी आघात लागतो, हा निसर्गनियम आहे. माणसाला दिसण्यासाठी आघात लागावा, हा नियम नव्हे. तो समाजाचा दोष आहे आणि दोष दुरुस्त करता येतो. शाळा त्यासाठीच असतात.

याच ठिकाणी आम्हांला आमची चूक कबूल केली पाहिजे. त्या मुलीच्या प्रगतिपत्रकावर आम्हीच आमच्या हाताने ‘वर्गात सहभाग नाही’ असा शेरा लिहिला होता. मराठी ही तिची घरची भाषा नव्हे, हे ठाऊक असूनही तिच्या गप्प बसण्याला आम्ही न समजणे मानले. लाडबोरीच्या त्या रात्रीनंतर ती मोकळी झाली. सप्तर्षींचे चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन तारे म्हणजे ती पळविणारे चोर, ही तिच्या आजीची गोष्ट तिने वर्गाला सांगितली. पुढे आमच्या वाचनात आले की टाटा संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड गावांत फिरून अशाच आकाशकथांचा अभ्यास केला आहे. ज्या ज्ञानासाठी संशोधक गावोगाव फिरले, ते आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेले होते आणि त्यावर आम्ही शेरा मारला होता. पुढच्या सत्रात आम्ही तो शेरा बदलला. पण पहिला शेरा कागदावर आहेच आणि तो असू द्यावा, असे आम्हांला वाटते. इतिहासाच्या शिक्षकाने आपले दप्तर खोडू नये.

शेवटी

दोन वर्षांनी, दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी, आम्ही त्या मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. वरती न दिसणारा वायू किती? दिसणाऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त. तो आहे हे कशावरून? धक्का बसला की तो उजळतो, सोबत्यावरून त्याचा माग लागतो आणि ताऱ्यामागच्या प्रकाशात त्याची छाया पडते. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे सर, अंधार आहे तिथं काहीच नाही असं म्हणायचं नाही.” आम्ही एवढी पुस्तके वाचून जिथे पोहोचलो होतो, तिथे ती एका वाक्यात पोहोचली. आज ती विज्ञान शाखेत शिकत आहे.

आमच्या दोन्ही जिल्ह्यांना निसर्गाने एक ठेव दिली आहे, ती म्हणजे काळोख. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या भागांत अजून आकाश काळे आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. मोठ्या शहरातील मुलांना जे पाहण्यासाठी प्रवास करावा लागतो, ते आमच्या मुलांच्या अंगणात आहे. उणीव आहे ती दुर्बिणीची.

माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेसाठी काही करावयाचे मनात असेल, तर एक सहा इंची दुर्बीण द्यावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सायंकाळी पश्चिमेकडे अभिजित तारा दिसतो. त्याच्या जवळच्या दोन ताऱ्यांच्या मधोमध ती रोखली की धुराच्या लहान कड्यासारखा कंकणाकृती तेजोमेघ दिसतो. एका म्हाताऱ्या ताऱ्याने सोडून दिलेले ते पांघरूण आहे. त्यातील हायड्रोजनचे रेणू मुलांना दिसणार नाहीत. ते तिथे आहेत, हे मात्र त्यांना ठाऊक असेल. मागच्या बाकावरच्या मुलाला आधी दुर्बिणीपाशी उभे करावे, ही व्यवस्था आम्ही पाहू.